गाडीची खांदेमळणी

हे लिहायला बसलोय त्याबद्दल आधी माफी मागतो. मी लेखक नाही आणि मेकॅनिकही नाही. बीडच्या एका कॉलेजात विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे थोडं काही वाचलं की आपल्याला ते कळलं असं मला वाटायला लागतं. ही खोड आहे, आणि पुढे जे सांगणार आहे त्यात तिचा मोठा वाटा आहे. महागड्या जुन्या गाड्यांवर लिहिणारे लोक मोठ्या शहरांत असतात. त्यांच्या गाड्या कव्हर घालून फरशीवर उभ्या असतात. आमची गाडी मेंढरांच्या वाड्याशेजारी लिंबाखाली उभी असते. पण ती आहे त्याच जातीची. परदेशी कंपनीची, चारही चाकांना ताकद देणारी, एकेकाळी लोक थांबून वळून पाहायचे अशी. तिच्याबद्दल लिहायचा मला किती अधिकार आहे ते माहीत नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव नेकनूरच्या पुढे. घरचा धंदा मेंढरांचा, थोडी कोरडवाहू जमीन. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्या धंद्यात रमले नाहीत. त्यांना गाड्यांचं वेड होतं. ते माजलगावच्या एका मोठ्या ऊस बागायतदाराकडे ड्रायव्हर म्हणून राहिले. मालकांनी ही गाडी घेतली तेव्हा शोरूममधून ती आप्पांनीच चालवत आणली. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही अशी मालकांची ताकीद होती, म्हणून प्रत्येक ब्रेकला आप्पा पुढे घसरत घसरत माजलगावात पोचले. हा किस्सा त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलाय की ते सांगायला लागले की माझी बहीण शेजारी बसून घसरून दाखवते.

मालकांनी मग गाडी आपल्या आवडीने सजवली. पुढे जाड लोखंडी गार्ड, टपावर दिव्यांची रांग, काचांना काळी फिल्म, मापापेक्षा मोठे टायर आणि एक हॉर्न, जो ऐकून म्हशी दावं तोडायच्या. काही वर्षांनी त्यांनी नवी गाडी घेतली. जुनी विकायला काढली तर गिऱ्हाईकच येईना. हिचं काम निघालं तर पार्ट मिळायची पंचाईत, हे सगळ्यांना माहीत होतं. तोवर आप्पांचे गुडघे बोलायला लागले होते आणि त्यांना गावी परतायचं होतं. मालक म्हणाले, "हिला तूच घेऊन जा. तसंही ती दुसऱ्या कुणाचं ऐकत न्हाई." कागद आप्पांच्या नावावर झाले आणि गाडी आमच्या दारात आली.

गावाने चेष्टा केलीच. पारावर एकाने विचारलं, "काय आप्पा, आता एसीत बसून मेंढरं वळणार का?"

आप्पा म्हणाले, "मेंढरं बसतील एसीत. मी आपला चालत येतो मागून."

झालं जवळपास तसंच. दिवाळीनंतर माझे चुलते मेंढरं घेऊन बाहेर पडतात. खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, आणि आठ-दहा दिवसांनी वाडा पुढच्या रानात हलतो. त्या दिवसांत पाण्याचे कॅन पोचवणं आणि नुकती जन्मलेली कोकरं हलवणं ही मोठी अडचण असते. काळ्या रानात, ओढ्याच्या वाळूत साधी गाडी रुतते. आमची ही गाडी चारही चाकांचा हळू गिअर टाकला की ओढ्यातून अशी निघते की आतल्या कोकराची झोप मोडत नाही. मालकांच्या कातडी सीटवर घोंगडी अंथरलेली आणि घोंगडीवर चार-पाच कोकरं, हे मी स्वतः पाहिलंय.

या गाडीला एक खास गोष्ट आहे, ती सांगायला हवी. तिच्या चाकांवर लोखंडी स्प्रिंगा नाहीत. त्याऐवजी जाड रबराचे चार फुगे आहेत आणि एक छोटा पंप त्यांत हवा भरतो. एक बटण दाबलं की हवा सुटते आणि गाडी खाली बसते, पुन्हा दाबलं की उठून उभी राहते. कंपनीने ही सोय बहुतेक भारी कपडे घातलेल्या माणसांना चढता यावं म्हणून केली असणार. आप्पा ती गाभण मेंढीसाठी वापरायचे. बटण दाबून "बस गं" म्हणायचे, गाडी बसायची आणि मेंढी चढायची.

गेल्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. पंधरा वर्षं झाली की खाजगी गाडीची आरटीओकडून पुन्हा तपासणी होते. पास झाली तर पुढची पाच वर्षं रस्त्यावर चालवता येते. नापास झाली आणि दुरुस्त होण्यासारखी नसली, तर भंगार. भंगार हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. आप्पांनी फक्त एकदा, गाडीचा आरसा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता विचारलं, "ही गेली तर मी कशाचा ड्रायव्हर रे?" मी म्हणालो, "जात नाही ती." ते बोलून गेलो आणि मग मला ते खरं करून दाखवणं भाग होतं.

बीडच्या जुन्या भागात एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. आप्पा त्यांना उस्ताद म्हणतात, मी चाचा म्हणतो. जिल्ह्यात अशा गाडीला हात लावायची हिंमत करणारे ते एकटेच असावेत. आम्ही गाडी नेली तेव्हा ती पुढून उजवीकडे झुकलेली होती. रात्रभर उभी राहिली की त्या फुग्यातली हवा जायची.

चाचांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "फुगे काढून टाका. चारी बाजूला स्प्रिंगा टाकतो. झंझट खतम. जिंदगीत परत बसणार न्हाई."

आप्पा म्हणाले, "बसली न्हाई तर मेंढी चढंल कशी?"

चाचांना वाटलं आप्पा थट्टा करतायत. ते माझ्याकडे बघून हसले. मी हसलो नाही. मी पिशवीतून कागद काढले. गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मी मोबाईलवर मिळवलं होतं आणि त्यातली या फुग्यांची पानं छापून, शब्दकोश घेऊन, वहीत मराठीत उतरवली होती.

"चाचा, पुस्तकात लिहिलंय की..."

"कोणतं पुस्तक बे?"

"कंपनीचं. आणि तपासणीला गाडी मुळात होती तशीच असलेली बरी."

"कंपनीवाले येणार हायत का खाली झोपायला?" असं म्हणत चाचा स्वतःच गाडीखाली झोपले. साबणाचं पाणी मागितलं, फुग्यांवर शिंपडलं. उजव्या फुग्याच्या घडीतून बारीक बुडबुडे यायला लागले. तडा होता. "हा गेला. डावा ठणठणीत हाय."

मी म्हणालो, "पुस्तकात दोन्ही बदला असं आहे. जोडीने."

"कावून? डाव्यानं काय गुन्हा केला?"

मी वही पुढे केली. चाचांनी ती हातात घेतली, ग्रीस लागू नये म्हणून दोन बोटांनी धरली आणि बराच वेळ बघत राहिले. "बरं," ते म्हणाले, "कॉलेजचं ऐकू." पुण्याहून दोन नवे फुगे मागवून बसवले. जुन्यातला चांगला डावा फुगा त्यांनी पुसून माळ्यावर टाकला.

पुढचे पंधरा दिवस आम्ही मालकांची सजावट उतरवत होतो. गार्डचे बोल्ट गंजले होते, ते आप्पांनी रॉकेल मुरवून सोडवले. टपावरचे दिवे निघाले, हॉर्न साधा आला, टायर मूळ मापाचे आले. काचांची फिल्म काढायला माय बसली. साबणाचं पाणी आणि ब्लेड घेऊन तिने एकेक काच इतकी निगुतीने सोलली की एक चरा उठला नाही. शेवटी ड्रायव्हरच्या बाजूची काच राहिली. आप्पा आत बसून बटणं बघत होते. फिल्मचा मोठा पट्टा निघाला तशी माय थांबली आणि म्हणाली, "इतकी सालं ही गाडी नेकनूरच्या रोडनं जायची. आत तुमी हाय का न्हाई, मला कदी दिसलं न्हाई. काळी काच तेवढी दिसायची." आप्पांनी काच खाली केली. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण माय हसली आणि उरलेली फिल्म तिने घाईघाईत ओढून काढली.

तोवर पोळा आला. आदल्या वर्षी आम्ही बैलजोडी विकली होती, कारण पेरणी आता भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळायचे असतात. जू वाहून वाहून दुखलेल्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळायची आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. मायने सवयीने वाटीत लोणी-हळद कालवली आणि मग गोठ्याच्या रिकाम्या खुंट्यांकडे बघत उभी राहिली.

आप्पा लाजत म्हणाले, "हिचेच मळू की. हिनं बी वझं वाहिलंय."

बहीण टाळ्या वाजवायला लागली. प्रश्न एवढाच होता की गाडीचा खांदा कुठे. आप्पा बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, इथे असंल. आणि इथे मी पुढे झालो. मी म्हणालो, "नाही आप्पा. सगळं वजन त्या फुग्यांवर येतं. खांदा तोच." माझ्या आवाजात काय होतं ते मला आज आठवलं तरी कान गरम होतात. मी चाकामागे हात घालून, आडवा होऊन, चारही फुग्यांना लोणी-हळद नीट चोळली. घडीघडीत बोट घालून चोळली. मायने गाडीच्या तोंडाला हळदकुंकू लावलं आणि बैलांना म्हणतात तसं म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी गाडीपुढे पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. फार बरं वाटलं सगळ्यांना. तपासणी पोळ्यानंतर आठव्या दिवशी होती.

पाचव्या दिवशी सकाळी गाडी उजवीकडे गुडघा टेकल्यासारखी बसलेली होती.

आप्पांनी पंप चालू केला. गाडी अर्धी उठली, फुस्स असा आवाज आला आणि पुन्हा बसली. आम्ही ती कशीबशी, दर दोन कोसांवर थांबत, हवा भरत बीडला नेली. मी वही मांडीवर घेऊन बसलो होतो. कारण काय असेल ते पानापानांत शोधत होतो. सापडणं शक्य नव्हतं.

चाचांनी चाक काढलं, आत हात घातला आणि हात बाहेर काढून बघत राहिले. बोटं पिवळी झाली होती. त्यांनी वास घेतला.

"हे काय बे? गाडीला फोडणी दिली का?"

मी सगळं सांगितलं. कुणी सांगितलं, कुठे लावलं, किती लावलं. चाचा आधी इतके हसले की त्यांना पाना खाली ठेवावा लागला. मग त्यांनी टॉर्च मारून दाखवलं. नव्या कोऱ्या फुग्याच्या घडीवर बारीक दातांच्या खुणा होत्या आणि एका ठिकाणी सरळ भोक. लोण्याच्या वासावर उंदीर आले होते. लोणी चाटून संपल्यावर त्यांनी रबर कुरतडून पाहिलं होतं. "उंदीर नसते आले तरी हे चांगलं न्हाई," चाचा म्हणाले. "तेलतुपानं रबर सुजतं, मऊ पडतं. तुझ्या पुस्तकात हे न्हाई का?"

होतं. घरी येऊन बघितलं तर शेवटच्या पानावर एका चौकटीत होतं. तेल, ग्रीस, चरबी यांपासून दूर ठेवा. मी ती चौकट वहीत उतरवली नव्हती, कारण तोवर माझी परीक्षा आली होती आणि मला वाटलं होतं, मुख्य ते झालंय.

पण ते नंतरचं. त्या क्षणी गॅरेजमध्ये मला आप्पांकडे बघवत नव्हतं. नवा फुगा पुण्याहून यायला आठवडा लागला असता आणि तपासणी तीन दिवसांवर होती. मी म्हणालो, "आप्पा, चूक माझी आहे. खांदा मीच दाखवला."

आप्पा गाडीच्या पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "खांदा तर बरोबरच दाखवला तू. लोणी चुकलं." मग म्हणाले, "आपल्याला जे मायेचं वाटलं ते लावलं. तिला दुसरं काय लागतं ते आता कळलं. एवढंच."

चाचा तोवर माळ्यावर चढले होते. ते खाली आले तेव्हा त्यांच्या हातात तो जुना डावा फुगा होता. या गाडीला दोन्ही बाजूंना तोच बसतो. "पंधरा वर्षांचा हाय," ते म्हणाले. "तपासणीपुरता टिकंल का, वर्षभर टिकंल, मी सांगू शकत न्हाई. पण उभी राहील." त्यांनी तो बसवला. उरलेले तीन फुगे मी धुतले. कोमट पाणी, साबण, दात घासायचा जुना ब्रश. हळदीचा पिवळेपणा पूर्ण गेला नाही, पण तेलकटपणा बोटाला लागेनासा होईपर्यंत मी उठलो नाही. चाचांनी मध्येच डोकावून विचारलं, "दात घासून झाले का मॅडमचे?"

घरी मायला सांगितलं तर ती दारात बसूनच हसायला लागली. "म्हंजे उंदरांनी घेतलं व्हय आवतन," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिने मला विचारलं, "पण होईल ना रे पास?" मी यावेळी होईल असं म्हणालो नाही. माहीत नाही असं म्हणालो.

तपासणीला मी आप्पांबरोबर गेलो. आप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, मालकांकडे असताना घालायचे तसा. आरटीओच्या साहेबांनी गाडीचे नंबर ताडून पाहिले, दिवे, ब्रेक, धूर, टायर बघितले. काचांवर हात फिरवून फिल्म नाही याची खात्री केली. मग वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, "हे हवेवरचं मूळचंच आहे? बहुतेकांनी स्प्रिंगा टाकल्यात."

आप्पा म्हणाले, "मूळचंच हाय साहेब."

"चालतं का?"

आप्पांनी बटण दाबलं. गाडी खाली बसली. पुन्हा दाबलं. डावी बाजू उठली, मागची उठली, आणि उजवी पुढची बाजू जराशी मागे राहिली. मी मनात आकडे मोजायला लागलो. सातव्या की आठव्या आकड्याला ती बाजूही वर आली आणि गाडी सपाट उभी राहिली. साहेबांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. त्यांनी कागदावर बरंच लिहिलं आणि सांगितलं की निर्णय मोबाईलवर कळेल. अर्ज मी भरला होता, म्हणून नंबर माझा होता.

जुनी मुदत त्याच आठवड्यात संपली. गाडी रस्त्यावर काढता येत नव्हती. मी होस्टेलवर होतो. आप्पा रोज सकाळी तिला लिंबाखालीच चालू करायचे, एकदा बसवायचे, एकदा उठवायचे आणि बंद करायचे, असं बहीण सांगायची. आता फुग्यांना ते फक्त ओलं फडकं लावतात आणि वाड्याच्या कडेला उंदरांचे दोन पिंजरे मांडलेत. संध्याकाळी मला आप्पांचा फोन यायचा. आधी जेवलास का, अभ्यास कसा चाललाय, आणि मग सहज आठवल्यासारखं, "काही आलं का?" मी नाही म्हणायचो. ते म्हणायचे, "येईल की. साहेब भला माणूस वाटला." एकदा म्हणाले, "नाना इचारत होता. दिवाळीनंतर वाडा पार घाटाखाली जाणार हाय म्हणं." नाना म्हणजे माझे चुलते. पाण्याचे कॅन डोक्यावरून न्यायचे की कसं, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

या दिवसांत मी एक केलं. ते इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा काढलं. इशाऱ्यांच्या चौकटी आधी, बाकीचं नंतर, असं वहीत उतरवायला लागलो. एक प्रत चाचांना नेऊन दिली. त्यांनी ती गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला अडकवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले की आपल्याकडे आता मराठीत कंपनी आहे. पुण्याहून नवा फुगाही आला. तो बसवायचा की नाही हे निर्णयावर होतं, म्हणून तो खोक्यातच राहिला. पंधरा वर्षांचा जुना तोवर एकदाही आपणहून बसला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी प्रयोगशाळेतून बाहेर येत होतो. हातात ॲसिडचे डाग पडलेलं जर्नल होतं. मोबाईल थरथरला. रिचार्ज संपल्याचा मेसेज असेल म्हणून मी आधी जिना उतरलो, नळावर हात धुतले आणि मग पाहिलं. इंग्रजीत होता. गाडीचा नंबर, नूतनीकरण मंजूर आणि एक तारीख. मी तारीख वाचली, वर्ष वाचलं, पुन्हा पहिल्यापासून सगळा मेसेज वाचला, खाली बारीक अक्षरांत काही अट आहे का तेही बघितलं. नव्हती. मग आप्पांना फोन लावला. पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागलं.

"आप्पा, पास झाली. अजून पाच वर्षं."